सूक्ष्मसंगणकाची जुळणी व परिचालन प्रणाली

सूक्ष्मसंगणकाची जुळणी व परिचालन प्रणाली : सुटे भाग विकत घेऊन, त्यांची डाखजोडणी करून वापरणाऱ्याने स्वतः उभारलेला मेजावरील संगणक आणि त्यावर चालविण्यासाठी त्याने निवडलेली परिचालन प्रणाली, असा हा दुहेरी विषय आहे. व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती परिचालन प्रणाली म्हणजे कळफलक, पडदा, मुद्रक, चुंबकीय तबकडी इ. भागांवर नियंत्रण ठेवणारी आणि इतर आज्ञावलींना त्यांचा वापर करू देणारी मूळ आज्ञावली होय. ती नसल्यास प्रत्येक आज्ञावलीला तबकडीवरील माहिती नेमकी कोठे आहे, हे स्वतःच शोधावे लागेल. या विषयाचा इतिहास मुख्यतः अमेरिकेत १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत घडला. या काळात संगणक बांधणारा आणि परिचालन प्रणाली निवडणारा माणूस प्रथम एकच होता, पुढे तो वेगवेगळा झाला. हे घडण्यास तांत्रिक गुणवत्तेपेक्षा किंमत आणि विक्रीच्या अटी या गोष्टी अधिक कारणीभूत झाल्या.

ऑल्टेअर : अमेरिकेतील पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकात मुखपृष्ठावर ‘ऑल्टेअर ८८००’ या संगणकाचे चित्र होते. न्यू मेक्सिको राज्यातील ॲल्बुकर्की येथील मिट्स या छोट्या कंपनीने तो तयार केला होता आणि एड रॉबर्ट्‌स हे तिचे प्रमुख होते. इंटेल कंपनीने १९७४ मध्ये बाजारात आणलेला ८०८० हा सूक्ष्मप्रक्रियक, म्हणजे संगणकाचे गणन व नियंत्रण करणारा एकाच चिपवरील भाग, त्यात वापरला होता. सुट्या भागांच्या संचाची किंमत मासिकात ३९७ डॉलर दिली होती. एवढ्या पैशांत ग्राहकाला पेटी, वीजपुरवठ्याचे भाग, मंडलफलक, स्विच, दिवे आणि केवळ २५६ बाइट स्मृती मिळे. त्यात कळफलक वा पडदा नव्हता. दर्शनी पट्टीवरील स्विच वरखाली करून एकेक बाइट स्मृतीत भरावयाचा आणि उत्तर दिव्यांच्या उघडझापीवरून वाचावयाचे, अशी त्याची रीत होती. वीज बंद केली की भरलेले सर्व नाहीसे होई. एवढ्या अपुऱ्या यंत्रासाठी मागणीची रीघ लागावी, याचे आज आश्चर्य वाटते. परंतु ज्यांना तोपर्यंत संगणक फक्त विद्यापीठाच्या वा कचेरीच्या काचेआडून पाहावयास मिळत होता, त्यांना तो प्रथमच स्वतःच्या मालकीचा करता येत होता.

ऑल्टेअरची खरी देणगी म्हणजे त्यातील शंभर संपर्कबिंदूंची सामायिक वाहिनी. पेटीच्या तळाशी एकासारख्या एक खाचा असत आणि त्यांतून पत्ते, माहिती व नियंत्रण यांचे संकेत सर्व कार्डांना समान रीतीने मिळत. वीजपुरवठाही मुद्दाम अनियंत्रित, सुमारे ८ व्होल्टचा ठेवलेला होता; प्रत्येक कार्डावर स्वतंत्र नियामक बसवून तेथेच ५ व्होल्ट मिळविले जात. त्यामुळे कोणीही स्वतःचे कार्ड तयार करून खाचेत बसवू शके. मिट्सची स्मृतिकार्डे बेभरवशाची निघाल्यावर इतर लहान कंपन्यांनी चांगली कार्डे विकावयास सुरुवात केली आणि ‘एस-१००’ या नावाने ही वाहिनी अनेक उत्पादकांची सामायिक मालमत्ता बनली. इमसाय ८०८० हा त्याच वाहिनीवरचा, ऑल्टेअरपेक्षा भक्कम संगणक १९७५ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडू लागला. या वाहिनीचे रीतसर प्रमाणीकरण आयईईई ६९६ या मानकान्वये १९८३ मध्ये झाले. तोवर तिचा भर ओसरत चालला होता.

कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे ५ मार्च १९७५ रोजी एका गॅरेजमध्ये होमब्रू कंप्यूटर क्लबची पहिली सभा भरली. अशा मंडळांतून जुळणीतील अडचणी सोडविल्या जात आणि आज्ञावलींची देवाणघेवाण होई. बिल गेट्‌स व पॉल ॲलन यांनी ऑल्टेअरसाठी तयार केलेली बेसिक ही भाषा याच मार्गाने फुकट फिरू लागली, तेव्हा गेट्‌स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये छंदिष्टांना उद्देशून प्रकट पत्र लिहून त्याला चोरी ठरविले. मिट्स बेसिक ही भाषा स्मृतिकार्डांसोबत घेणाऱ्यास बरीच स्वस्त आणि नुसती घेणाऱ्यास महाग देत असे, हेही येथे नमूद केले पाहिजे. यंत्र आणि आज्ञावली यांची अशी सांगड घालण्याची युक्ती पुढे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

सीपी/एम : सुरुवातीला बेसिक कागदी छिद्रपट्टीवरून स्मृतीत चढवावी लागे. टेलिटाइप यंत्र सेकंदाला दहा अक्षरे वाची. म्हणजे ४ किलोबाइटची आज्ञावली चढण्यास सुमारे सात मिनिटे लागत आणि त्याआधी वीसएक बाइटची आरंभ-आज्ञावली स्विचने भरावी लागे. लवचिक चुंबकीय तबकडीने, म्हणजे फ्लॉपीने, ही अडचण दूर होणार होती. परंतु तबकडीवरील माहितीची व्यवस्था पाहणारी प्रणाली सूक्ष्मसंगणकासाठी उपलब्ध नव्हती.

ती गॅरी किल्डॉल (१९४२–९४) यांनी तयार केली. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर शाळेत ते अध्यापक होते आणि इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा त्यांनी रचली होती. शुगार्ट कंपनीची ८ इंची तबकडी चालविणारे एकक त्यांना मिळाले होते, पण ते संगणकास जोडणारा नियंत्रक त्यांच्यापाशी नव्हता. तो त्यांचे मित्र जॉन टोरोड यांनी बांधून दिल्यावर १९७४ मध्ये सीपी/एम ही प्रणाली प्रथम चालली. १९७६ मध्ये किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी मॅकइवेन यांनी कंपनी काढली. तीच पुढे डिजिटल रिसर्च या नावाने प्रसिद्धीस आली. छंदिष्टांना सीपी/एम ७० डॉलरना मिळे.

दर नव्या तबकडी-नियंत्रकासाठी सबंध प्रणालीत फेरबदल करावे लागत. इमसाय कंपनीसाठी काम करताना किल्डॉल यांनी यावर असा उपाय काढला, की यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढून त्याला ‘बायॉस’ हे नाव दिले. सीपी/एमचे यामुळे तीन भाग झाले : वापरणाऱ्याची आज्ञा वाचणारा, तबकडीवरील फाइलींची व्यवस्था पाहणारा आणि प्रत्यक्ष यंत्राशी बोलणारा बायॉस. पहिले दोन सर्व संगणकांवर जसेच्या तसे चालत. तिसऱ्याच्या आरंभी उड्यांचे एक कोष्टक असे. १९७९ च्या २.२ या आवृत्तीत त्यात १७ नोंदी होत्या. कळ दाबली आहे का ते पाहणे, अक्षर पडद्यावर पाठविणे, तबकडीचे अमुक वर्तुळ व अमुक खंड वाचणे, अशी ही साधी कामे होती. ती आपल्या यंत्रावर कशी करावयाची हे संगणक बांधणाऱ्याने स्वतः लिहावयाचे, की प्रणाली तयार. मग ‘मूव्हसीपीएम’ या आज्ञावलीने ती उपलब्ध स्मृतीच्या मापात बसवावयाची आणि ‘सिसजेन’ने तबकडीच्या पहिल्या दोन वर्तुळांवर लिहावयाची.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. डाखणी हातात धरणाऱ्या माणसाला काही शेकडा ओळींचा मजकूर लिहून आपल्या एकमेवाद्वितीय यंत्रावर इतरांनी लिहिलेल्या आज्ञावली चालविता येऊ लागल्या. वर्डस्टार ही लेखन-आज्ञावली (१९७८) कोणत्या कारखान्यातील संगणकावर चालते, हा प्रश्नच गौण झाला. एवढेच नव्हे, तर ॲपल २ या अगदी वेगळ्या प्रक्रियकाच्या संगणकात झायलॉग झेड-८० प्रक्रियक असलेले मायक्रोसॉफ्टचे कार्ड १९८० पासून बसवून त्यावरही सीपी/एम चालविता येई.

या व्यवस्थेत एक उणीव राहून गेली. ८ इंची तबकडीचा ७७ वर्तुळे, प्रत्येकी २६ खंड आणि खंडात १२८ बाइट हा आकृतिबंध सर्वमान्य होता. ५.२५ इंची तबकड्या आल्यावर मात्र जो तो उत्पादक आपला आकृतिबंध ठरवू लागला. परिणामी आज्ञावली चाले, पण ती ज्या तबकडीवर आहे ती शेजाऱ्याच्या यंत्रात वाचता येत नसे.

आयबीएम पीसी आणि तीन प्रणाली : इंटेलने १९७८ मध्ये ८०८६ हा सोळा-बिटी प्रक्रियक काढला. सिअ‍ॅटल कंप्यूटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीने त्याचे एस-१०० वाहिनीसाठी कार्ड तयार करून १९७९ पासून विकावयास काढले, परंतु त्यावर चालणारी सीपी/एमची आवृत्ती डिजिटल रिसर्चकडून येईना. तेव्हा त्या कंपनीतील टिम पॅटर्सन यांनी १९८० मध्ये स्वतःच एक प्रणाली लिहिली. जुन्या आज्ञावली यांत्रिकपणे रूपांतरित करता याव्यात म्हणून तिच्या सेवांची मांडणी त्यांनी सीपी/एमसारखी ठेवली. फाइलींचा पत्ता ठेवण्याची कोष्टकपद्धती मात्र मायक्रोसॉफ्टच्या तबकडी-बेसिकवरून घेतली. हीच ८६-डॉस होय. तिचे हक्क मायक्रोसॉफ्टने जुलै १९८१ मध्ये विकत घेतले आणि ती एमएस-डॉस व पीसी-डॉस या नावांनी जगभर गेली. ज्या प्रणालीने घरगुती जुळणीचे युग मागे टाकले, ती स्वतः अशा जुळणीच्या एका कार्डाची सोय म्हणून जन्मास आली होती.

आयबीएमने आपला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. फ्लॉरिडातील बोका रॅटन येथे तयार झालेल्या या संगणकात ४.७७ मेगाहर्ट्‌झ गतीचा ८०८८ प्रक्रियक, कमीत कमी १६ किलोबाइट स्मृती आणि विस्तारकार्डांसाठी पाच खाचा होत्या. किमान किंमत १,५६५ डॉलर होती. त्यासाठी आयबीएमने एक नव्हे, तर तीन परिचालन प्रणाली जाहीर केल्या होत्या. पीसी-डॉस ४० डॉलरना मिळे. सीपी/एम-८६ ची किंमत २४० डॉलर होती आणि ती १९८२ च्या वसंतापर्यंत ग्राहकास मिळालीच नाही. तिसरी, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत विकसित झालेली यूसीएसडी पी-सिस्टिम, डॉसपेक्षा कितीतरी महाग होती. कागदोपत्री निवडीचे स्वातंत्र्य होते. दुकानात ते सहापट किमतीला मिळत होते. आयबीएमचे अधिकारी भेटीस आले तेव्हा किल्डॉल विमान उडविण्यात दंग होते आणि म्हणून त्यांची संधी हुकली, अशी कथा नेहमी सांगितली जाते. त्या दिवशी ते विमानाने बाहेर गेले होते हे खरे. पण कामासाठी गेले होते. शिवाय त्यानंतर आयबीएमने सीपी/एम-८६ विकण्याचे मान्य केले होतेच. निकाल लागला तो ४० आणि २४० या दोन आकड्यांनी. विमानाला दोष देणे ऐकावयास गमतीचे असले, तरी इतिहास म्हणून ते पुरेसे नाही.

एमएस-डॉसमध्येही यंत्रापुरता भाग वेगळा होता आणि अनेक उत्पादकांनी आपापल्या निराळ्या यंत्रांसाठी तो लिहिलाही. तथापि वेगासाठी आज्ञावली-लेखक हा थर ओलांडून अक्षरे थेट पडद्याच्या स्मृतीत लिहू लागले. जानेवारी १९८३ मध्ये आलेली लोटस १-२-३ ही हिशेबाची आज्ञावली याचे ठळक उदाहरण होय. मग एमएस-डॉस चालणे पुरेसे राहिले नाही. यंत्र आयबीएमच्या यंत्रासारखे तंतोतंत असावे लागले. सुसंगतता परिचालन प्रणालीकडून यंत्राकडे सरकली आणि वेगळेपणाने बांधलेली यंत्रे, ती चांगली असोत वा वाईट, बाजारातून गेली.

आयबीएमने मंडलांच्या आकृत्या आणि बायॉसचा मजकूर आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापला होता, पण त्या मजकुराचा स्वामित्वहक्क राखून ठेवला होता. काँपॅक कंपनीने एका गटाकडून त्याचे केवळ कार्यवर्णन लिहवून घेतले आणि तो मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या गटाकडून नवा बायॉस तयार करविला. तिचा संगणक नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला. फीनिक्स कंपनी १९८४ पासून असा बायॉस कोणालाही विकू लागली, तेव्हा मदरबोर्ड, कार्डे, पेटी व वीजपुरवठा वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊन संगणक जुळविणे पुन्हा शक्य झाले. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) १९९० नंतर बहरलेला ‘असेंबल्ड पीसी’चा धंदा याच प्रवाहातील आहे. मात्र आता जुळणी म्हणजे स्क्रू पिळणे आणि कार्डे खाचेत दाबणे एवढीच उरली होती. बायॉस तयार मिळत होता आणि डॉस गृहीत धरलेली होती.

डिजिटल रिसर्चने १९८८ मध्ये डीआर-डॉस ही एमएस-डॉसशी सुसंगत प्रणाली काढून परत पाय रोवण्याचा प्रयत्न केला; त्या कंपनीलाच १९९१ मध्ये नॉव्हेलने विकत घेतले. मायक्रोसॉफ्ट संगणक-उत्पादकांशी असे करार करीत असे, की विकलेल्या प्रत्येक संगणकामागे, त्यावर कोणतीही प्रणाली असली तरी, तिला शुल्क मिळे. दुसरी प्रणाली निवडणाऱ्या ग्राहकास साहजिकच दोन्हींचा खर्च पडे. अमेरिकेच्या न्याय विभागाशी जुलै १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीने ही प्रथा बंद झाली. तोवर विंडोज ३.० (१९९०) आणि ३.१ (१९९२) सर्वत्र पसरल्या होत्या. निवडीचा दुसरा मार्ग हेलसिंकीत उघडला : लिनस टॉरव्हॉल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आपल्या ३८६ प्रक्रियकाच्या पीसीवर लिनक्सचा गाभा लिहिला. सर्व पीसी एकसारखे झाल्यामुळेच एका माणसाने एका यंत्रासाठी लिहिलेली प्रणाली लाखो यंत्रांवर चालू शकली.

जुन्या संगणकाची आजची उभारणी : अलीकडे संग्रहालये, अभिलेखागारे व हौशी मंडळी जुने संगणक पुन्हा चालू करतात किंवा जुन्या भागांतून नव्याने जुळवितात. पहिला धोका विजेचा असतो. टँटलम धारित्रे बऱ्याच वर्षांनी वीज देताच लघुमंडलित होऊन फुटतात. म्हणून वीजपुरवठा वेगळा तपासून मगच मदरबोर्डास जोडतात. घड्याळासाठी बसविलेल्या निकेल-कॅडमियम विद्युत्‌ घटातील द्राव गळून तांब्याच्या रेषा खातो. असा घट दिसताच प्रथम काढून टाकावा. जुन्या हार्ड डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड वापरता येते, मात्र १९९० च्या आसपासचे बायॉस १०२४ वर्तुळे, १६ शीर्षे व ६३ खंड या मर्यादेमुळे सुमारे ५२.८ कोटी बाइटपलीकडे पाहू शकत नाहीत. मूळ आयबीएम पीसीत कार्डावरील बायॉस ओळखण्याची सोय २७ ऑक्टोबर १९८२ च्या आवृत्तीपासूनच आहे. त्याआधीच्या चिपवर हार्ड डिस्कचे कार्ड चालत नाही.

प्रणालीची निवड प्रक्रियक, स्मृती व मुख्यतः काम पाहून करावी. ८०८८ यंत्रास १९८७ ची डॉस ३.३ शोभते, तिचा एक विभाग ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा असू शकत नाही. २८६ व ३८६ यंत्रांना ५.० (१९९१) ते ६.२२ (१९९४) या आवृत्ती योग्य, कारण ६४० किलोबाइटच्या वरील स्मृतीचा त्या चांगला उपयोग करतात. लिनक्सच्या गाभ्यातून ३८६ चा आधार २०१३ मध्ये काढण्यात आला असल्याने अशा यंत्रावर त्याची जुनीच आवृत्ती लागते. १९९४ मध्ये सुरू झालेली फ्रीडॉस मुक्तपणे मिळते. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या १.२५ व २.० या आवृत्तींचा मूळ मजकूर २०१८ मध्ये आणि ४.० चा २०२४ मध्ये खुल्या परवान्याखाली दिला. सीपी/एमच्या वापरास २००१ मध्ये मिळालेली परवानगी २०२२ मध्ये अधिक स्पष्ट करण्यात आली. त्यामुळे एस-१०० यंत्राची जुळणी करणाऱ्यास आज १९७७ प्रमाणेच स्वतःचा बायॉस लिहिता येतो, आणि तेही कायद्याच्या चौकटीत.

मराठी वाचकाला या विषयाचा जवळचा संबंध जिस्ट कार्डामुळे येतो. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले हे तंत्र पुण्याच्या सी-डॅक (स्थापना १९८८) या संस्थेने कार्डाच्या स्वरूपात बाजारात आणले. ते पीसीच्या खाचेत बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरील अक्षरप्रधान आज्ञावलीत देवनागरी लिहिता व पाहता येई. मजकूर इस्की या संकेतप्रणालीत साठविला जाई. तिचे भारतीय मानक १९९१ चे आहे. तीत बाइटच्या खालच्या अर्ध्या भागात रोमन आणि वरच्या अर्ध्यात भारतीय अक्षरे असतात व सर्व भारतीय लिप्यांतील समान वर्णांस एकच संकेत असतो. अशा यंत्राची उभारणी करताना विंडोज वा लिनक्स निवडून उपयोग नाही. कार्डासोबतची आज्ञावली ज्या डॉससाठी लिहिली असेल तीच आवृत्ती बसवावी लागते.

कार्ड न मिळाले, तरी इस्कीतील फाइली वाचता येतात. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली असल्याने रूपांतर बरेचसे सरळ होते. फ्लॉपीवरून फाइल उतरविताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. ३६० किलोबाइटच्या ५.२५ इंची तबकडीवर ४० वर्तुळे असतात, तर १.२ मेगाबाइटच्या एककाचे शीर्ष ८० अरुंद वर्तुळांसाठी असते. ते जुनी तबकडी वाचू शकते. पण त्याने तीवर काही लिहिले, तर जुन्या रुंद वर्तुळाच्या कडा तशाच राहतात आणि मूळ एककास पुढे ती तबकडी नीट वाचता येत नाही. म्हणून अशा तबकडीची लेखनखाच प्रथम चिकटपट्टीने बंद करतात आणि मगच ती एककात घालतात.